किसुमूचं स्थळ

स्टॅनमोरला डॉ. शशी पुरंदऱ्यांच्या घरी रविवारी दुपारी किसुमूची कंपनी दाखवायची ठरली, तेव्हा मिलिंदने सगळ्यात आधी त्या दिवशी चतुर्थी नाही ना, हे पाहून घेतलं. उपाशी माणूस गुंतवणूक करत नाही, असं त्याचं मत होतं. जेवलेला माणूसही करत नाही, याचा विचार त्याने केला नव्हता.

मिलिंद कर्णिक स्लाऊमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. म्हणजे काम झालं का, असं पुण्यातल्या पोरांना विचारायचं आणि झालंच आहे, असं लंडनमधल्या साहेबांना सांगायचं. या दोन वाक्यांच्या मधे उभं राहून राहून त्याला एक कला साधली होती. इकडचा निरोप तिकडे नेताना तो वाटेतच त्याचे काटे काढून टाकायचा. पुण्याहून 'हे होणार नाही' असं निघालं, की लंडनला 'आम्ही बघतो आहोत' असं पोचायचं. दोन्ही बाजू खूश असत. काम अर्थातच होत नसे.

हीच कला भांडवल धरून त्याने जोडधंदा काढला. परदेशात नवी कंपनी काढणारी हुशार मुलं शोधायची आणि त्यांची गाठ इथल्या पैसेवाल्यांशी घालून द्यायची. अशा पैसेवाल्याला इंग्रजीत एंजल म्हणतात. भारतातल्या पोरांना आता मधला माणूस लागेनासा झाला होता आणि इंग्रज पोरांना मिलिंद कधीच लागला नसता, म्हणून त्याने आफ्रिका घेतली. एंजल मात्र घरचेच होते. चाळीस वर्षं ब्रिटिश हॉस्पिटलांत राबून निवृत्त झालेले मराठी डॉक्टर, घरांचे हप्ते फिटलेले, मुलं मार्गी लागलेली. आता समाजासाठी काहीतरी करावं, असं त्यांना दर रविवारी जेवणानंतर वाटायचं.

धंदा तसा मिलिंदच्या रक्तातच होता. त्याच्या आईने कोथरूडला वीस-बावीस वर्षं वधुवर सूचक मंडळ चालवलं होतं.

मे २००८ मध्ये मिलिंदच्या हाती पहिलं खरंखुरं स्थळ आलं. आचियेंग ओडुओर, वय एकतीस, राहणार किसुमू, केनिया. आधी एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. तिच्या कंपनीचं नाव होतं 'दामू'.

"दामू?" डॉ. शशी फोनवर म्हणाले होते. "अरे, आमच्या वाईला दामू म्हणून एक बँडवाला होता."

"स्वाहिलीत दामू म्हणजे रक्त, शशीकाका."

"असं होय! वा! घेऊन ये रे तिला. आपण सगळे मिळून बघू."

दामूचं काम साधं होतं. रुग्णाला रक्त हवं असलं, की हॉस्पिटलने चार आकडी नंबरवर रक्तगटाचा एसएमएस टाकायचा. कुठल्या हॉस्पिटलात ते रक्त आहे, याचं उत्तर मिनिटाभरात यायचं. लहान लहान दवाखान्यांच्या भिंतींवर तो नंबर रंगवून झाला होता. पण फोन कंपनीने तो तिला मेअखेरपर्यंतच दिला होता. तोवर पैशांची सोय झाली नाही, तर तोच नंबर केसांच्या तेलाच्या जाहिरातीला जाणार होता. मग भिंत बघून कोणी रक्त मागितलं, तर उत्तर तेलवाल्याकडून आलं असतं.

आणि आचियेंगकडे दुसरं स्थळही होतं. लेस्टरचे जयसुखभाई. जन्म किसुमूचा, सत्तरच्या दशकात इकडे आलेले, घाऊक कापडाचा धंदा. त्यांनी तिला तीन वेळा बोलावलं, तिन्ही वेळा भांडले, चहासुद्धा विचारला नाही आणि शेवटी जवळजवळ अर्धी कंपनी मागितली. उत्तरासाठी मुदत दिली रविवार सकाळची.

"जवळजवळ अर्धी!" रविवारी सकाळी स्लाऊच्या गेस्ट हाऊसखाली गाडीत बसताना आचियेंग म्हणाली. तिचं मिलिंदशी बोलणं अर्थात इंग्रजीत चालायचं. "वर म्हणतो, तुझा लॅपटॉप जुना आहे. सांगा, काय करू? तुमच्या डॉक्टरांचं होईपर्यंत त्याला लोंबकळत ठेवू?"

इथे मिलिंदने जे केलं ते करायला कोथरूडच्या मंडळाच्या बाईंचाच मुलगा लागतो. एका घरी दाखवायला जायचं आणि दुसरं स्थळ खिशात ठेवायचं, हे त्याला बरं दिसेना. शशीकाकांना कळलं तर काय म्हणतील? आधीचं मोकळं करावं, मग नव्या घरी स्वच्छ मनाने जावं, अशी रीत आहे.

"त्यांना नाही सांगून टाका," तो म्हणाला. "डॉक्टर लोक अर्धी कंपनी मागणार नाहीत. सज्जन आहेत."

आचियेंगने त्याच्याकडे नीट बघितलं. "तुम्हाला खात्री आहे?"

"आपली माणसं आहेत," मिलिंद म्हणाला.

हे प्रश्नाचं उत्तर नव्हतं. पण ती किसुमूची होती, तिने तेच उत्तर मानलं आणि तिथूनच जयसुखभाईंना फोन लावून नाही सांगितलं. फोनमधून पलीकडचा आरडाओरडा मिलिंदलाही ऐकू आला. किती असंस्कृत माणूस, असं त्याला वाटलं.

शशीकाकांच्या दिवाणखान्यात एंजल जमले होते. खुद्द शशीकाका, इल्फर्डच्या निवृत्त स्त्रीरोगतज्ज्ञ उल्का मोघे, आणि डॉक्टर नसूनही घेतलेला रवी पेंडसे. तो विमा कंपनीत माणसं सरासरी कधी मरतात याचा हिशेब करायचा, म्हणून पैशांच्या कामात त्याचा शब्द मानायचे. शशीकाकांच्या पत्नी मधुमतीकाकूंनी आचियेंगला "ये गं, बस बस," असं मराठीतच सोफ्यावर बसवलं. ती मधोमध बसली. समोर अर्धवर्तुळात मंडळी. मिलिंदच्या मनात कसलीशी पाल चुकचुकली, पण पोहे आले.

"वडील काय करतात?" शशीकाकांनी इंग्रजीत सुरुवात केली.

"मासे पकडायचे. आता नाहीत ते."

"अरेरे. म्हणजे सी-फूड एक्स्पोर्ट?" रवीने विचारलं.

"नाही. मासे."

"भावंडं किती?" उल्काताई.

"सहा."

"आणि सगळ्यांचं नीट चाललंय ना? लग्नंबिग्नं?"

"माझं सोडून सगळ्यांची झाली."

"होईल गं, होईल," मधुमतीकाकूंनी धीर दिला. "स्वयंपाक येतो का?"

सगळे हसले. आचियेंगही हसली. "येतो. स्वयंपाक येणाऱ्यांना कंपनीचे कमी टक्के द्यावे लागतात का?"

यावर आणखी मोठा हशा झाला. "मुलगी हजरजबाबी आहे हं," शशीकाका मिलिंदला मराठीत म्हणाले.

मग तिने लॅपटॉप उघडला. भिंतीवरचं राजस्थानी हत्तींचं चित्र उतरवून तिथे प्रोजेक्टरने किसुमूचा नकाशा पाडला. जानेवारीत, निवडणुकीनंतरच्या दंगलींच्या दिवसांत तिच्या हॉस्पिटलमध्ये एक बाळंतीण दाखल झाली होती. रक्त हवं होतं. ते रस्त्यापलीकडच्या मिशन हॉस्पिटलच्या फ्रिजमध्ये होतं, आणि तिच्या हॉस्पिटलात कोणाला ते माहीत नव्हतं. आचियेंगने हे आवाज न चढवता सांगितलं, आणि पुढची स्लाइड लावली. त्यावर नुसते आकडे होते.

उल्काताईंनी डोळे पुसले. त्यांनी आयुष्यात असल्या रात्री पाहिल्या होत्या. रडणं खोटं नव्हतं. शशीकाकांनी चष्मा काढून हातात धरला. रवीसुद्धा पोहे खायचा थांबला.

"प्रश्न विचारा ना," आचियेंग म्हणाली. "जयसुखभाईंनी मला पाच वर्षांचा खर्च तोंडपाठ म्हणायला लावला होता."

"छे, छे," शशीकाका म्हणाले. "काय विचारायचं यात? सगळं इतकं स्पष्ट आहे."

"सुंदर सांगितलंस," उल्काताई म्हणाल्या.

"एक्सलंट," रवी म्हणाला, आणि चमचा उचलला.

त्या क्षणी मिलिंदला कळलं.

हेच शशीकाका मागच्या अंगणातल्या काचेच्या खोलीसाठी बिल्डरशी अख्खा उन्हाळा भांडले होते. एकेका खिळ्याचा हिशेब मागायचे. रवीने घर घेताना पडद्यांच्या दांड्या कोणाच्या, यावरून सौदा महिनाभर लांबवला होता. उल्काताई इल्फर्डच्या भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटी करून बघतात. ज्याला पैसे द्यायचे असतात त्याच्याशी माणूस भांडतो. त्याच्या मालात खोट काढतो, जुना लॅपटॉप काढतो, बापाचं काढतो. इथे कोणी काहीच काढत नव्हतं. आचियेंगच्या कंपनीवर कौतुकाचा इतका वर्षाव चालला होता, की तिच्यातून एक पौंडसुद्धा वाट काढू शकला नसता.

मधुमतीकाकू वर गेल्या. खाली आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताट होतं. नारळ, तांदूळ, खण आणि पैठणीच्या कापडाची पर्स. आईच्या मंडळात हे सगळ्यांना ठाऊक होतं: नकार जितका पक्का, तितका निरोप थाटाचा. होकार देणारी माणसं घाईत असतात. मान, पान, हॉल, कोण कोणाला काय घालणार, यातून त्यांना मुलीकडे बघायलाही वेळ होत नाही. नकार देणाऱ्यांना मात्र मुलीचं फार वाईट वाटतं.

आचियेंगने ओंजळ पुढे केली, ओटी घेतली आणि वाकून काकूंच्या पाया पडली. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्याकडेही मोठ्यांपुढे वाकायची पद्धत असावी. काकूंना भरून आलं. आतून चकल्यांचा डबा आणखी आला.

दारात शशीकाकांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत," ते इंग्रजीत म्हणाले. मग मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवून मराठीत, "कळवतो हं."

गाडीत आचियेंग बराच वेळ डब्यातल्या चकल्या खात होती. खूश होती. "माझ्या आईलासुद्धा मी इतकी आवडत नाही," ती म्हणाली. "मग आता?"

"आता कळवतील."

"पण हो म्हणाले ना?"

समोर गोल चौक आला होता. मिलिंदने उजवीकडून येणाऱ्या गाड्यांकडे जरुरीपेक्षा जास्त लक्ष दिलं. "त्यांना तुम्ही फार आवडलात," तो म्हणाला.

हे शंभर टक्के खरं होतं. खऱ्याचा असा उपयोग करायला वर्षानुवर्षांची सवय लागते.

"पाठीशी आहोत म्हणाले," ती स्वतःशीच म्हणाली आणि फोन काढून किसुमूला मेसेज लिहू लागली. लिहिताना मोठ्याने वाचत होती. "डॉक्टर... लोक... तयार आहेत." मिलिंदला तिला थांबवता आलं असतं. 'थांब' हा शब्द इंग्रजीत फार लहान आहे. पण तेवढ्यात पुढच्या सिग्नलचा दिवा हिरवा झाला, आणि मागच्या गाडीने हॉर्न दिला, आणि मेसेज गेला.

घरी त्याची बायको सुचेता इस्त्री करत होती. ती स्लाऊ कौन्सिलच्या घरवाटप खात्यात होती. लोकांना दिवसभर तोंडावर नाही म्हणायचा तिला पगार मिळायचा.

"कसं झालं?"

"छान झालं."

"भांडलं का कोणी?"

"नाही."

"किमतीवरून? टक्क्यांवरून? निदान रवी तरी?"

"रवीने दोनदा पोहे घेतले."

सुचेताने इस्त्री उभी केली. "ओटी भरली?"

मिलिंद बूट काढत होता. एकच बूट काढायला त्याला बराच वेळ लागला. "भरली. वर पर्स."

"अगं बाई! पर्स!" सुचेता म्हणाली. "म्हणजे संपलंच. आणि तिला काय सांगितलंस?"

"रविवारी संध्याकाळी कशाला तिचा मूड... उद्या बघू. कदाचित शशीकाका एकटे थोडेसे..."

"मिलिंद."

"काय?"

"नागपूरला मला बघून गेले होते ते देवस्थळी आठवतात का तुला?"

"मला कसे आठवतील? मी तेव्हा तुला ओळखतही नव्हतो."

"मला आठवतात. त्यांनी मला गाणं दोनदा म्हणायला लावलं. आई म्हणाली, दोनदा म्हणजे पसंत. मला वर्ध्याच्या कॉलेजात लेक्चररची नोकरी आली होती. आई म्हणाली, कळवतो म्हणालेत, आता कुठे रुजू होतेस, थांब. मी थांबले. नोकरी गेली. देवस्थळींनी अजून कळवलेलं नाही." तिने शर्टाची कॉलर उलटी केली. "आणि मधली बाई होती ना, तिला पहिल्या दिवशीच माहीत होतं. पुढे माझ्या लग्नात येऊन जेवून गेली. मला म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही गं."

मिलिंद दुसऱ्या बुटाच्या नाडीला लागला.

"तिने लेस्टरवाल्याला नाही सांगितलंय ना? तुझ्या सांगण्यावरून?"

"रीत म्हणून..."

"रीत," सुचेता म्हणाली, आणि शर्टावर पाणी मारलं. तिने आणखी काहीतरी बोलावं, असं मिलिंदला वाटत होतं. शिव्या तरी द्याव्यात. तिने पुढचा शर्ट घेतला.

सोमवारी सकाळी मिलिंद ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवून गेस्ट हाऊसवर गेला. वाटेत त्याने वाक्यं तयार केली. सगळी वाक्यं 'खरं म्हणजे' या शब्दांनी सुरू होत होती आणि तिथेच संपत होती.

आचियेंग खालच्या नाश्त्याच्या खोलीत फोनवर होती. त्याला बघताच ती उठून उभी राहिली. "आलेच ते! घ्या, बोला. सिस्टर रोझ. माझ्या जुन्या हॉस्पिटलच्या हेड नर्स."

तिने फोन त्याच्या कानाला लावलासुद्धा.

"मिस्टर कर्णिक," पलीकडून एक जाड, थकलेला, आनंदी आवाज आला. "देव तुमचं भलं करो. आज सकाळी प्रार्थनेत आम्ही तुमचं नाव घेतलं. उच्चार चुकला असेल, पण देवाला कळलं असेल."

"थँक यू," मिलिंद म्हणाला.

"तुमच्या डॉक्टरांचंही घेणार आहोत. नावं लिहून पाठवा."

"हो," मिलिंद म्हणाला. "पाठवतो."

फोन परत देताना त्याचे कान गरम झाले होते. शरमेने माणसाचा चेहरा लाल होतो म्हणतात. मिलिंदचा वर्ण तशी सोय नसलेला होता. सगळी शरम कानांत जमा झाली.

"बसा," आचियेंग म्हणाली. "टोस्ट घ्या. काय झालं?"

"खरं म्हणजे," मिलिंद म्हणाला.

ती वाट बघत राहिली.

"त्यांचं... टायमिंग... सध्या मार्केटचं वातावरण असं आहे..."

"कोणाचं?"

"डॉक्टरांचं."

"त्यांनी फोन केला?"

"नाही."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

मिलिंदने टोस्टचा तुकडा मोडला आणि बशीतच ठेवला. "मला कालच कळलं होतं," तो म्हणाला. "तिथेच. पोहे खाताना."

आचियेंग हळूच खाली बसली. शेजारच्या टेबलावरचा एक पोलिश माणूस अंडं सोलत होता. ती त्या अंड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी गाडीत विचारलं होतं."

"हो."

"मी मेसेज मोठ्याने वाचला होता."

"हो."

"फोन करा त्यांना," ती म्हणाली. "आत्ता. स्पीकरवर. मला ऐकायचंय. आधीचं 'हो' तुमच्या मनाचं होतं, आता हे 'नाही'सुद्धा तुमच्याच मनाचं नाही कशावरून?"

मिलिंदने फोन टेबलावर ठेवून शशीकाकांना लावला.

"अरे बोल, बोल!" शशीकाकांचा आवाज खोलीभर झाला. पोलिश माणसाने वर बघितलं. "अरे, काल काय सुंदर झालं! मधू अजून तिच्याबद्दलच बोलतेय. काय मुलगी आहे रे! ती नमस्काराला वाकली ना, तेव्हा मला खरंच..."

"शशीकाका, पैशांचं काय करायचं?"

"हो, हो, तेच. विचार चालूच आहे. तसं काही नाही, असं नाही. पण बघ ना, आता आमच्या पोराचं, क्षितिजचं, घर घ्यायचं चाललंय, त्याला थोडा हातभार लावायला हवा. रवीचं म्हणणं पडलं, सगळ्यांनी मिळून केलं तरच शोभेल. आणि उल्काताई भारतात चालल्यायत, त्या आल्याशिवाय कसं ठरवणार? घाई कसली आहे? दिवाळीनंतर एकदा निवांत बसू. छान झुणका-भाकरीचा बेत करू. तिला म्हणावं, आमचे आशीर्वाद आहेत. आशीर्वाद काय, आम्ही आहोतच! हा हा! नीट सांगशील ना तिला? तुला कळतंच म्हणा."

"म्हणजे नाही ना, काका?"

"अरे," शशीकाका दुखावल्या आवाजात म्हणाले, "नाही कशाला म्हणू? असं तोडून बोलतं का कोणी? एवढी लांबून आलेली पोर."

मिलिंदने फोन बंद केला.

"काय म्हणाले?" आचियेंगने विचारलं.

आयुष्यभर मिलिंदने असल्या बोलण्याचं भाषांतर केलं होतं. पण ते नेहमी उलट्या दिशेने. लहान, टोकदार वाक्य घ्यायचं आणि त्याला उशा लावायच्या. उशा काढून आतलं वाक्य हातात द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

"नाही म्हणाले," तो म्हणाला.

"इतकं सगळं?"

"हो."

"मधे हसले. माझ्याबद्दलच बोलत होते, मला आवाजावरून कळलं. प्रेमाने बोलत होते."

"हो. प्रेमानेच."

"आणि ते सगळं नाही होतं."

"हो."

तिने कपाळावर तळहात दाबून धरला. रडेल, असं मिलिंदला वाटलं, आणि पुढे त्याला जे वाटलं त्याची त्याला जास्त लाज वाटली. ती रडली तर आपल्याला तिची समजूत घालता येईल, असं त्याला वाटलं. समजूत घालणं त्याला चांगलं जमत असे.

ती रडली नाही. तिने जयसुखभाईंना फोन लावला.

भांडण स्वाहिलीत झालं. मिलिंदला एक अक्षर कळत नव्हतं. जयसुखभाई ओरडत होते, आचियेंग टेबलावर बोट आपटत होती, मधेच उभी राहत होती, मधेच कडवट हसत होती. पोलिश माणूस अंडं तसंच ठेवून ऐकत होता. बऱ्याच वेळाने तिने फोन मिलिंदपुढे धरला. "त्यांना वाटतंय, मी त्यांची किंमत दुसरीकडे दाखवून भाव वाढवत होते. माझ्यावर विश्वास नाही. म्हणतायत, ज्याने तुला नाही म्हणायला सांगितलं, त्याला बोलू दे."

मिलिंदने फोन घेतला.

"हॅलो. मैं मिलिंद कर्णिक."

"तो आप हैं," जयसुखभाईंचा आवाज अचानक शांत झाला होता. "लड़की सच बोलती है? आपने मना करवाया?"

"हां."

"क्यूं? आपके पास पक्का था?"

"नहीं. मला... मुझे लगा, अच्छा नहीं दिखेगा. और कल दोपहर को मालूम हो गया था कि वो लोग नहीं देंगे."

"कल दोपहर को?"

"हां."

"तो उसको बोला क्यूं नहीं?"

"बुरा लगेगा करके."

"किसको?"

खोलीत कुठेतरी टोस्टरमधून ब्रेड उडाल्याचा आवाज झाला. आचियेंग त्याच्याकडे बघत होती. तिला हिंदी येत नव्हती, तरी मिलिंदने मान खाली घातली.

"मुझे," तो म्हणाला.

जयसुखभाई म्हणाले, "फोन उसको दो."

पुन्हा स्वाहिली सुरू झाली. आता आवाज खाली आले होते, आकडे चालले असावेत. शेवटी आचियेंगने फोन ठेवला आणि थंड झालेला चहा एका घोटात संपवला.

"देतायत," ती म्हणाली. "उद्या लेस्टरला सह्या. नंबर बचावला. आधी अर्धीला थोडी कमी मागत होते. आता पूर्ण अर्धी. म्हणाले, एकदा नाही म्हणालीस त्याचा दंड."

"तो फरक मी भरून देतो," मिलिंद घाईने म्हणाला. "माझ्याकडे थोडे आहेत. तुमच्या कंपनीत घाला, मला काही नको, शेअर नको, काही नको."

"नाही."

"प्लीज. तेवढं तरी करू द्या."

"नाही," आचियेंग म्हणाली. हे तिने रागाने म्हटलं नाही. कपडे घेताना आकार बसत नाही असं म्हणावं, तसं म्हटलं. "तुमचे पैसे घेतले, तर तुम्हाला बरं वाटेल."

मिलिंदने खिशाकडे गेलेला हात परत टेबलावर ठेवला.

ती किसुमूला फोन लावत होती. सिस्टर रोझनी लगेच उचलला. पलीकडे वॉर्डातला गलका होता, कोणीतरी लहान मूल रडत होतं. आचियेंग त्यांच्या भाषेत बोलू लागली. स्वाहिलीत नव्हे, घरच्या कुठल्यातरी भाषेत, हळू, एकेक वाक्य तोडून. मिलिंदला त्यातला एकच शब्द ओळखता आला, तो म्हणजे त्याचं आडनाव. ते दोनदा आलं. पहिल्यांदा सिस्टर रोझनी काहीतरी विचारलं. दुसऱ्यांदा त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं ते मूल रडताना ऐकू येत राहिलं.

गेस्ट हाऊसची बाई टेबलं पुसत पुसत जवळ आली. "झालं का तुमचं?" तिने मिलिंदला विचारलं.

तो उठला नाही. आचियेंगचं अजून बोलणं चाललं होतं.